बोगद्यातले अकरा ठोके

१

विमलबाईंनी आयुष्यात नेम पुष्कळ धरले. सोळा सोमवार झाले, संकष्ट्या झाल्या, लाख वाती झाल्या, एका चातुर्मासात तर मीठ सोडलं होतं. पण जांबेच्या रामाला बोललेला नेम वेगळा. तो बोलताना त्या जांबेला नव्हत्याच. त्या होत्या संभाजीनगरच्या एका दवाखान्यात, काचेच्या दाराबाहेर, पायात एकच चप्पल. दुसरी धावताना लिफ्टपाशी कुठेतरी राहिली होती. आत दोन माणसं भालचंद्ररावांच्या छातीवर आळीपाळीने दाब देत होती.

"रामराया, ह्यांना परत आण," त्या मनात म्हणाल्या. "वर्षभर रोज एक माळ करीन, तुझ्या तेरा अक्षरांची. एकटी नाही, ह्यांना शेजारी बसवून करीन."

अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. "बाई, थोडा वेळ गेले होते. आता आलेत परत," असं म्हणाले आणि हात पुसत निघून गेले. गेले होते म्हणजे कुठे, हे विचारायची ती वेळ नव्हती. परत आलेत एवढंच विमलबाईंनी ऐकलं आणि तिथल्या तिथे जमिनीला हात लावून नमस्कार केला.

बोलताना मात्र एक गोष्ट त्या विसरल्या. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण हा माणूस देवापुढे पाच मिनिटं कधी बसला नव्हता. एमआयडीसीत बियाण्यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी जन्म काढला. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, आठवड्याने उलगडायचे, किती उगवले ते मोजायचं. उगवलं ते खरं, बाकीच्या गप्पा. असा माणूस रोज एक माळभर शेजारी बसवायचा कसा?

२

भालचंद्ररावांकडे चावीची एक आगगाडी होती. त्यांच्या वडिलांनी हैदराबादहून आणलेली, पत्र्याची. हिरवं इंजिन, तीन डबे आणि थोडे रूळ. सत्तर वर्षांत रंग उडाला, इंजिनाच्या एका चाकाला पोचा आला, पण स्प्रिंग शाबूत होती. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी ती ट्रंकेतून काढली. जुन्या बाजारात राधेश्यामच्या दुकानात तसलेच आणखी रूळ सापडले. मधुवंती, त्यांची लेक, पुण्याला नोकरीला गेल्यापासून मागची खोली रिकामीच होती. तिथल्या दिवाणावर त्यांनी प्लायवूडच्या दोन फळ्या टाकल्या आणि महिनाभर त्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत. चाकांना शिलाई मशीनचं तेल, रुळांना पॉलिश कागद. पुठ्ठ्याचं स्टेशन झालं, फाटक झालं, काड्यापेटीची विहीर झाली. शेतं तर खऱ्या बियांची. राळा, मोहरी, नाचणी, सगळं डिंकाने ओळीत चिकटवलेलं.

"उगवलं तर काय कराल?" विमलबाईंनी विचारलं.

"नापास झालेलं बी आहे ते. नाही उगवायचं."

डोंगर मात्र विमलबाईंनी केला. वडीगोद्रीला माहेरी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करत, ती विद्या त्यांच्या हातात होती. कागद चार दिवस भिजवायचा, मेथ्या वाटून घालायच्या, मुलतानी माती घालून कुटायचा. पण रद्दी पुरेना. माळ्यावर जुन्या पंचांगांचा गठ्ठा होता. लग्नापासूनचं एकूण एक पंचांग. देवांच्या तसबिरी छापलेला कागद रद्दीत द्यायचा नसतो, म्हणून शहागडला गंगेत सोडू, सोडू म्हणत राहिलेला. विमलबाई क्षणभर थबकल्या. मग म्हणाल्या, डोंगरच तर होतोय, पायदळी थोडाच जातोय. आणि एक्केचाळीस वर्षांच्या तिथ्या, ग्रहणं, मुहूर्त त्यांनी पाटीत भिजत घातले.

डोंगर छान झाला. खालून बोगदा, अडीच वीत लांब. वाळेपर्यंत घरभर मेथ्यांचा कडवट वास होता.

गाडी पहिल्यांदा फिरली त्या दिवशी भालचंद्रराव म्हणाले, "हे बघ, तुला मी शेजारी बसायला हवाय ना? मी इथं बसतोच आहे. एक फेरी, एक जप. एकशे आठ फेऱ्या झाल्या की तुझी माळ झाली."

विमलबाईंना ते पटलं. मणी काय नि फेरी काय, नाव तर रामाचंच.

३

श्रावणाच्या पहिल्या दिवशी नेम सुरू झाला. देवापाशी दिवा लावला की दोघं मागच्या खोलीत यायची. ते स्टुलावर, ह्या पाटावर. एका चावीत सहा फेऱ्या होत. अठरा वेळा चावी भरली की एकशे आठ. पोचा आलेलं चाक दर वळशाला एक ठोका देई. टक्. स्टेशनातून निघून पुन्हा स्टेशनात यायला उघड्यावर छत्तीस ठोके आणि बोगद्यात अकरा. हे भालचंद्ररावांनी नाही, विमलबाईंनी मोजलं होतं. त्यांना खोडच होती तशी. कुकरच्या शिट्ट्या, जिन्याच्या पायऱ्या, जे कानावर पडेल ते मोजायचं.

एकशे आठवी फेरी भरली तरी स्प्रिंगमध्ये थोडा जीव उरायचा. गाडी स्टेशन ओलांडून पुढे जायची आणि मोहरीच्या शेतापाशी कुठेतरी दमून थांबायची.

"हाताने अडवू नको," भालचंद्रराव सांगत. "स्प्रिंग बिघडते. तिची ती थांबू दे."

दीड-दोन महिने फार सुखात गेले. त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. विमलबाई मनात म्हणत, रामराया, तू घेतलंस बाबा मानून.

पितृपंधरवड्यात एका संध्याकाळी बोगद्यात बारा ठोके पडले.

मोजण्यात चुकले असेन, असं त्यांना वाटलं. पुढच्या फेरीलाही बारा. त्याच्या पुढच्या फेरीलाही.

"अहो, गाडी आत हळू चालतेय का?"

"चाक झिजलं असेल."

झिजलं असेल तर उघड्यावरचे ठोके का नाही वाढले? ते छत्तीसच होते. दसऱ्यापर्यंत आतले चौदा झाले. भालचंद्रराव अंघोळीला गेल्यावर विमलबाईंनी डोंगरावर हात टेकून बोगदा मोजला. अडीच वीत. वर एक बोटसुद्धा नाही. मग आपले कान म्हातारे झाले, असं त्यांनी ठरवून टाकलं. ठरवलं खरं, पण स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या त्यांना बरोबर मोजता येत होत्या.

४

दिवाळीनंतर एक दिवस शेजारची वंदना विरजण मागायला आली. नवरा एमआयडीसीत टेम्पो चालवतो, माहेर शहागड, तोंड कधी बंद नाही. मागच्या खोलीत डोकावली आणि दारातच उभी राहिली.

"आगं बया! काकू, ही तर जत्राच मांडून ठेवली काकानं!"

"ये, बस. माझी माळ चाललीय," विमलबाई म्हणाल्या.

"काका, एक तिकीट द्या मला. जल्दी माहेरी सोडा. सासूनं डोकं खाऊन राह्यलंय."

"शहागडला कुठं गं रूळ?" भालचंद्रराव हसले.

"टाका की मंग! तुमच्याच घरची रेल्वे हाय. मंत्री बी तुमीच, गार्ड बी तुमीच."

ती विरजणाची वाटी धरून दोन-तीन फेऱ्या बघत राहिली. मग म्हणाली, "काका, गाडी आत गेली की दम कामून धरता वो?"

"कोण, मी? कुठं धरतो?"

"धरता की. गाडी आत, की श्वास बंद. गाडी भायेर, की सुरू. म्या तीनदा पाह्यलं. लेकरावानी करून राह्यले बिलकुल."

भालचंद्रराव मोठ्याने हसले. वंदना हसली. विमलबाईही हसल्या, आणि हसता हसता नवऱ्याच्या छातीकडे बघायला लागल्या. सदऱ्याच्या खिशात चष्मा होता. गाडी बोगद्यात शिरली आणि तो वरखाली होणारा चष्मा थांबला. एकोणीस ठोके. इंजिनाचं हिरवं तोंड बाहेर आलं आणि चष्मा पुन्हा हलला.

हसणं त्यांच्या ओठांवर तसंच राहिलं.

५

दुसऱ्या दिवशी त्यांनी वातीचा कापूस घेतला. फुलवातीला लागतो तेवढा, पिंजून हलका केलेला. पाट स्टुलाजवळ ओढला आणि गाडी आत गेल्यावर तो कापूस नवऱ्याच्या नाकाशी धरला.

कापूस हलला नाही.

त्याहून वाईट म्हणजे, नाकाशी कोणी कापूस धरलाय हे भालचंद्ररावांच्या गावीही नव्हतं. पापण्या उघड्या, नजर बोगद्याच्या तोंडाकडे, चेहरा अगदी शांत. गाडी बाहेर आली तसा कापूस फुर्रकन उडाला आणि ते दचकले. "हे काय गं करतेस?"

"काही नाही. किती ठोके झाले हो आत?"

"अकरा. नेहमीचे."

विमलबाईंनी वीस मोजले होते.

"आणि गाडी आत जाते तेव्हा तुम्हाला काय वाटतं?"

 हा माणूस उत्तर देताना काळजी घ्यायचा, पडताळून बघायचा. "वाटत काही नाही. जरा गार लागतं. बस्स."

विमलबाईंनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. छातीचा आलेख काढला, पट्ट्यावर चालवलं. सगळं उत्तम. डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्हीच विश्रांती घ्या.

मार्गशीर्षात पंचवीस झाले, पौषात चाळीस. चावी मात्र पूर्वीसारखीच सहा फेऱ्यांची. एवढी जास्तीची चाल स्प्रिंग कुठून आणत होती, कोण जाणे. रोजचे एकशे आठ जप विमलबाई करत होत्या आणि तेवढ्याच वेळा शेजारचं माणूस थांबत होतं. जीभ रामाचं नाव घेई, डोळे खिशातल्या चष्म्यावर असत. एक विचार त्या मनात येऊ देत नव्हत्या, पण तो यायचाच. एखाद्या दिवशी गाडी बाहेर आलीच नाही तर?

६

संक्रांतीला हळदीकुंकू होतं. विमलबाईंनी मनाशी ठरवलं, आज गाडी नाही. माळ हातात करीन, रामराया समजून घेईल. मागच्या खोलीला कडी घातली आणि भालचंद्ररावांना स्वयंपाकघरात तिळगूळ देऊन बसवलं.

दिवेलागणीला घर बायांनी भरलं. उखाणे, हसणं, वाणाच्या डब्यांची खडखड. वंदनाच्या कपाळाला हळद लावताना विमलबाईंच्या कानावर पहिला ठोका पडला.

टक्.

त्यांनी हात थांबवला नाही. हळद, कुंकू, अत्तर, तिळगूळ, पुढची बाई. टक्. टक्. स्वयंपाकघराच्या दारातून नवरा दिसत होता. लाडू तोंडाशी नेलेला, हात तसाच हवेत. हळद, कुंकू. टक्. चव्वेचाळीस झाले. मग भालचंद्ररावांनी लाडू तोंडात टाकला आणि चावू लागले.

"काकू, नवं घड्याळ घेतलं का वो?" वंदनाने विचारलं. "लई जोरात वाजून राह्यलंय."

बाया गेल्यावर त्यांनी कडी काढली. इंजिन स्टेशनातच उभं होतं. चावी पूर्ण उतरलेली. चाकाला बोट लावलं तर थंडगार. डोंगर सहा महिन्यांपूर्वी खडखडीत वाळलेला, पण खोलीत ओल्या मेथ्यांचा वास भरून राहिला होता, आत्ताच कोणी लगदा ढवळल्यासारखा.

म्हणजे गाडी बंद ठेवून भागणार नव्हतं.

७

चैत्र लागला. बोगद्यात नव्वद ठोके.

नव्वद ठोके म्हणजे अर्धं मिनिट. बसून बघा कधी, अर्धं मिनिट केवढं असतं ते. भालचंद्ररावांचे ओठ आता शेवटी शेवटी काळसर दिसत. गाडी बाहेर आली की ते एक लांब श्वास घेत आणि म्हणत, "छान चालतेय नाही आज?"

त्या संध्याकाळी विमलबाईंनी आधाराला म्हणून आपली तुळशीची माळ हातात घेतली. गाडीसमोर बसून पहिल्यांदाच. गाडीच्या फेरीबरोबर एकेक मणी ओढत राहिल्या. एकशे आठवी फेरी झाली आणि बोट मेरुमण्याला लागलं. लागलं तसं आपोआप माघारी वळलं. मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवायची, उलटं यायचं. आईने सातव्या वर्षी शिकवलेलं. हाताला ते सांगावं लागत नाही.

विमलबाईंनी मान वर केली. समोर गाडी एकशे आठवी फेरी पुरी करून स्टेशन ओलांडून चालली होती. रोज ओलांडत होती. श्रावणापासून.

त्या कितीतरी वेळ ती हातातली माळ बघत बसल्या. माळेला मेरू होता. ह्या रुळांना नव्हता. ज्या माणसासाठी नाव घ्यायचं, त्याला शेजारी बसवून त्या रोज पुढे, आणखी पुढे, मोजत राहिल्या होत्या. एकदाही वळल्या नव्हत्या.

८

"उद्या गाडी उलटी फिरवायची," त्या जेवताना म्हणाल्या.

"ती उलटी जात नाही. स्प्रिंग एकाच अंगाची आहे."

"उचलून तोंड फिरवू."

"का पण?"

"माझा नेम आहे म्हणून."

एक्केचाळीस वर्षांत हे उत्तर त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढे विचारायची सोय नव्हती. "फिरव बाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विमलबाईंनी स्वतःच्या हाताने इंजिन आणि तिन्ही डबे उचलले, तोंडं फिरवली, चावी भरली. गाडी छत्तीस ठोक्यांची वाट उलटी चालत गेली आणि जिथून रोज बाहेर यायची त्या तोंडातून आत शिरली. त्या गुडघ्यांवर बसल्या, दुसऱ्या तोंडाशी वाकल्या आणि डोळा लावला.

अडीच वीत बोगदा. पलीकडे भिंतीवरची दिनदर्शिका दिसायला हवी.

ती दिसत नव्हती. अंधार होता, लांबच लांब. गालाला गार हवा लागत होती, मेथ्यांचा वास घेऊन. फार दूर तांदळाच्या कणीएवढा उजेड होता आणि त्या उजेडाकडे कोणीतरी पाठमोरं चाललं होतं. रुळांच्या मधून, सावकाश, डावा खांदा जरा खाली टाकून. ती चाल त्यांनी एक्केचाळीस वर्षं मागून बघितली होती. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, पाठीवर नाड्या सुटलेल्या, लोंबत असलेल्या.

टक्. टक्. समोरून गाडी येत होती. चालणारा माणूस थांबला. ऐकत राहिला. मग वळायला लागला.

विमलबाईंनी डोळा काढून घेतला. चेहरा बघायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

नव्वदाव्या ठोक्याला इंजिन त्यांच्या नाकासमोर बाहेर आलं. मागे स्टुलावर भालचंद्ररावांनी श्वास घेतला आणि त्यांना खोकला आला.

"किती झाले गं?" ते गोंधळून म्हणाले. "आज मोजायचं विसरलो मी."

९

तेव्हापासून गाडी उलटीच फिरते. त्या आठवड्यात एकोणनव्वद झाले, पुढच्यात अठ्ठ्याऐंशी. श्रावणात नेमाचं वर्ष भरलं, पण विमलबाईंनी उद्यापन केलं नाही. परत येणारं माणूस अजून वाटेवर आहे, उद्यापन कसलं करायचं? आता तीसवर आलंय. भालचंद्ररावांच्या ओठांचा रंग परतला आहे. अकरा झाले की जांबेला जायचं, दोघांनी.

दिवसातून एकदा, शेवटच्या फेरीला, त्या बोगद्याला डोळा लावतात. पहिल्यांदा तो चालणारा माणूस कणीएवढा होता. मग बोटाएवढा झाला. आता झग्याच्या सुरकुत्या मोजता येतात. तोंड इकडे, पावलं इकडे. खाली बघून चालतो, म्हणून चेहरा अजून दिसत नाही.

आणि त्याच्या मागून आणखी कोणीतरी येतंय.

आधी त्यांना ती सावली वाटली. पण मागचा उजेड तर केव्हाच विझलाय. सावलीला उजेड लागतो, हे भालचंद्ररावांनीही मान्य केलं असतं. ते जे आहे ते ह्यांच्या पावलावर पाऊल टाकून येतं, फार जवळून, अंधारात आंधळ्याने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून यावं तसं. गाडी पुन्हा सुलटी केली तर ते परत जाईल. पण मग हेही जातील. विमलबाईंनी एक रात्र विचार केला आणि सकाळी उठून चाकांना तेल दिलं.

गेल्या गुरुवारी जेवायला बसताना भालचंद्रराव सहज म्हणाले, "तीन पानं घेतलीस ना?"

"का हो? कोणी यायचंय?"

त्यांनी कपाळाला आठी घातली. "कुणास ठाऊक. उगाच तोंडातून गेलं."

विमलबाईंनी तिसरं ताट घेतलं. मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली, भात वाढून त्यावर वरण घातलं.

तर सयांनो, ज्यांनी हे ऐकलं त्यांना एवढंच मागणं आहे. नाव घेताना मोजत असाल, तर निघालात तिथे आलात की पुढे जाऊ नका, वळा. आज दिवा लावलात की शेजारी बसलेल्या आपल्या माणसाच्या नाकाशी वातीचा कापूस धरून बघा. हलला तर हात जोडा. नाही हलला तर घाबरून जाऊ नका. माणूस वाटेवर असतं, त्याला वेळ लागतो, आपण वळलो की तेही वळतं. आणि विमलबाई मांडतात तसं, आजपासून एक पान जास्तीचं मांडा. कोण येणार ते विचारू नका. इतक्या लांबून चालत येणारं, कोणी का असेना, भुकेलं असणारच.